मधला बांध

माघ सरता सरता गवत कागदासारखं वाजायला लागतं.
रात्री अंथरुणात पडल्या पडल्या ऐकू येतं,
डोंगर कूस बदलतोय,
कुसळाला कुसळ घासतंय.

मागच्या चैतात भर दुपारी पेटला होता.
कुणी म्हणे बिडी, कुणी म्हणे मोहोळ झाडणारे.
एकजण काहीच म्हणाला नाही
आणि मला त्याचाच संशय आला.
दिवस मावळता वर गेलो तर
सीताफळीची खोडं मिसरीसारखी काळी
आणि खडकाच्या बेचक्यात टिटवीची चार अंडी.
उकडलेली.
उमाजीच्या पोरानं एक फोडून बघितलं
अन् घरापर्यंत तोंड उघडलं नाही.

म्हणून यंदा जाळपट्टा काढायचा ठरला.
डोंगराच्या पायथ्यानं, गायरानाच्या कडेकडेनं,
बारा हात रुंद.
काडी ठेवायची नाही.
ठराव नाही, सभा नाही,
पिठाच्या गिरणीत नंबर लावून बसल्या बसल्या ठरलं.

पण हात कुठून आणायचे?
अर्धं गाव कोयते बांधून कारखान्याला गेलेलं.
उरलो आम्ही, गुडघे धरून उठणारे,
दहावीची पोरं, दोन बाळंतिणी सावलीला,
आणि हनीफचाचा, पाठीवर कापसाच्या फवारणीची टाकी,
आत साधं पाणी. तरी वास औषधाचाच.

आधी कुलपं लावलेल्या घरांभोवतीचं काढलं.
अन्साबाईच्या उंबऱ्यापर्यंत कमरेएवढं वाळलेलं.
मी तिला फोन लावला : अंगण साफ केलं गं तुझं.
पलीकडं तडतड तडतड.
"इथं फडालाच जाळ लावलाय," ती म्हणाली,
"माझ्या पाळण्याच्या दोऱ्या आहेत आढ्याला. तेवढ्या जपा."

मग आला मधला बांध.
हे सांगायलाच पाहिजे आता.
माझ्या आणि अंबादास केंद्रेच्या वावराच्या मधी
अडीच हात रुंदीचा, नऊ वर्षांच्या भांडणाचा.
कोर्ट म्हणालं, जैसे थे.
तवापासून त्यानं विळा लावला नाही, मी लावला नाही.
साऱ्या शिवारात एवढं माजलेलं गवत कुठंच नव्हतं.
डोंगरापासून थेट आमच्या दोघांच्या गोठ्यापर्यंत,
समईत वात घालावी तसं.

वनखात्याची पोरगी, रेणुका, दोरी धरून येत होती
ती तिथं थांबली. "हे कुणाचं?"
सगळे आभाळ बघायला लागले.
हनीफचाचा म्हणाला,
"हे तारखेचं आहे, बाई."

मी वरून विळा लावला.
तो खालून.
कुणी कुणाला सांगितलं नाही.
मधलं गवत कमी होत गेलं
तसा आधी त्याचा रुमाल दिसला, मग खांदे.
एवढा कधी वाकला हा?
मलाही तो तसंच बघत असणार.

आणि मधोमध, मुळ्यांच्या जाळीत, दगड निघाला.
हद्दीचा.
मोजणीवाल्याला दोनदा येऊन सापडला नव्हता तो.
मी बघितला. त्यानं बघितला.
दोघांचेही विळे बोथट झाले होते.
आधी त्यानं त्या दगडावर धार लावली,
सरकला,
मग मी लावली.

होळी यंदा नदीच्या वाळूत, चुलीएवढी.
हनीफचाचा टाकी घेऊन शेजारी उभा,
बोहल्यामागं मामा उभा राहतो तसा.
चैत गेला. वैशाख गेला.
काही झालं नाही.
अन्साबाई परतली, अंगण बघितलं,
"माझी तुळस कुणी उपटली?" म्हणून दोन दिवस भांडली.

बुधवारी तारीख आहे.
एकाच एसटीनं जाऊ, तो पुढं बसेल, मी मागं.
साहेब म्हणतील, जैसे थे.
इकडं बांधावर त्याची शेळी चरते.
दगड ओलांडून अलीकडं येते कधीकधी.
मी हाकलते.
पण हळू.