एक सूत अलीकडं

बोळात जीप लावतो तिथल्या फरशीवर
वाटीएवढा काळा डाग होता.
महिन्याभरात त्याचा तवा झाला.
सासऱ्यांनी काठीवर वाकून बोट बुडवलं, हुंगलं.
"नव्वद नंबर. गिअरबॉक्सच्या मागचं सील गेलंय."
हे ते मला नाही, जीपला म्हणाले.

शाहूपुरीतला मिस्त्री म्हणाला, गिअरबॉक्स उतरवायला लागतोय,
दोन दिवस, तेलाचे पैसे वेगळे.
दोन दिवस म्हणजे खारी-बटरचे बावीस डबे,
वडणगे, आंबेवाडी, केर्ली,
आणि पहाटे साडेपाचला स्टोव्ह पेटवून बसलेल्या टपऱ्या.

"उतरवायचं काय कारण न्हाय,"
सासरे भिंतीला म्हणाले.
उद्यमनगरात पस्तीस वर्षं लेथवर उभा राहिलेला माणूस.
आता उजवा खांदा वर जात नाही.
नवरा शिरोलीला, सेकंड शिफ्ट.
राहिले माझे हात.

सील सत्तर रुपयांचं.
रबराचं कडं, आत केसासारखी स्प्रिंग.
दुकानदारानं जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून दिलं, पावशेर शेवेसारखं.

रविवारी चाकांना दगड लावले,
बारदान अंथरून आडवी झाले.
"सोडायच्या आदी वळख कर."
जोडाच्या दोन्ही बाजूंना नेलपेंटची रेघ मारली.
दिवाळीनंतर ती बाटली उघडलीच नव्हती.
चार बोल्ट. तीन सुटले,
चौथ्यानं माझ्याकडून नाशिकच्या दोन शिव्या घेतल्या.
शाफ्ट खाली येतो तेव्हा पोटावर झेलायचा असतो,
हे मात्र कुणी सांगत नाही.

मधला नट पान्याला ऐकेना.
पान्याच्या दांड्यात नळाचा पाइप घालून
मी दोन्ही पायांनी रेटलं.
कट्.
"सुटला," वरून आवाज आला,
मला कळायच्या आधी.

योक ओढून काढला, खालून त्यांच्या हातात दिला.
बराच वेळ काही नाही.
नुसतं लुंगीला पुसल्याचं ऐकू येत होतं.
मग म्हणाले, "भायेर ये. नख फिरीव हितनं."
नख अडकलं.
चकचकीत पोलादावर गोल खाच, बारीक,
करदोड्याच्या वळासारखी.
"सीलचा व्हट घासून पडलीय."
"रबरानं?"
"रबरानंच की. रोज, एकाच जागी."
एवढं बोलून त्यांना धाप लागली.
त्या घरात आमचं एवढं लांब बोलणं
मला तरी आठवत नाही.

जुनं सील स्क्रूड्रायव्हरनं उचकटलं,
ते कडक झालेलं, शिळ्या भाकरीच्या पापुद्र्यासारखं मोडलं.
गंधकाचा वास, एक थेंब कानात.
नव्याच्या ओठाला ग्रीस लावलं.
"पार आत ठोकू नगंस.
जुन्या जागी बसलं तर परत त्याच खाचंत गळतंय.
एक सूत अलीकडं ऱ्हाऊ दे. कोऱ्या लोखंडावर."

पाइपचा तुकडा ठेवून हातोडीनं हलकं हलकं,
एकदा वर, एकदा खाली, मग डावीउजवीकडं.
एक सूत म्हणजे किती ते अंधारात दिसत नाही.
बोटाला विचारत गेले.
योक, नट, शाफ्ट.
लाल रेघ लाल रेघेसमोर.

"झालं का? च्या निवतोय."
"आलो," मी खालूनच म्हणाले.

लग्न होऊन आले तेव्हा
इथल्या बायका मी आलो, मी गेलो म्हणायच्या
आणि मी पदरात तोंड घालून हसायचे.
अकरा वर्षं.
जीपखाली थोडी तशीच पडून राहिले.

सकाळी पाचला खारीचं रिकामं खोकं ओढून बघितलं,
रात्री मुद्दाम खाली सरकवलेलं.
मागची बाजू कोरडी.
पुढं एक थेंब.
सासरे दारात उभे होते, चप्पल न घालता.
बोट लावलं, हुंगलं.

"हे इंजनाचं. हे येगळं."
मग माझ्याकडं बघून,
"फुडच्या ऐतवारी."