लेबर

प्लेट, बेअरिंग, ऑईल, यांचे भाव
खोक्यावरच छापलेले. तिथं हात घालता येत नाही.
हात घालायची जागा खाली, शेवटच्या ओळीत.
उद्यमनगरात, फाउंड्रीमागच्या बोळात
सहा वर्षं झाली, ती ओळ मी भरते.

बाळासो गाडी नंतर बघतात, आधी चप्पल.
मग नंबरप्लेट. झिरो नाईन असली की
"कुठलं गाव पाव्हणं?"
आणि गावातलं कोण ओळखीचं निघालं, तर दोनशे कमी.
पुण्याची असली, नाहीतर बेळगावकडची,
तर माझ्याकडं न बघता
टेबलावर तीन बोटं ठेवतात.
तीन बोटं म्हणजे तीन तास.

कंपनीच्या पुस्तकातही तीनच आहेत म्हणे.
पुस्तक कपाटात आहे, किल्ली हरवलीय.

दस्तगीर क्लचप्लेट सत्तर मिनिटांत बसवतो,
त्यातच चहा, त्यातच पोरावर एकदा खेकसणं.
अकराला झालेली गाडी
सहापर्यंत शेडमागं "होत आलीय" असते.
लवकर दिली की लोकांना पैसे जास्त वाटतात,
बाळासो म्हणतात, आणि ते खोटं नाही.

गेल्या महिन्यात इचलकरंजीच्या एक बाई आल्या,
सिव्हिलमधून रिटायर झालेल्या सिस्टर.
खुर्ची दिली, बसल्या नाहीत.
खड्ड्याशी उभ्या राहिल्या, घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला,
नाडी बघावी तसं अधूनमधून बघत.
बिल वाचलं. म्हणाल्या,
"एक तास आठ मिनिटं. बाकीचा वेळ कुणाचा?"

कॉम्प्रेसर तेवढ्यात बंद पडला.
बाळासो हसले. "बाई, हा हात तयार व्हायला
अकरा वर्षं गेली. त्याचं कोण देणार?"
"बरोबर आहे," बाई म्हणाल्या,
पैसे मोजले, एक रुपया कमी केला नाही,
आणि टेबल ओलांडून
सरळ दस्तगीरपुढं धरले.

त्यानं हात मागं घेतले, ऑईलचे आहेत म्हणून.
"मला पगार हाय की, बाई."
नोटा मग माझ्याकडंच आल्या.
मी शिक्का मारला. जरा जोरातच बसला.

शनिवारी हजेरी भरली.
दस्तगीर मुल्लाणी, सहा दिवस.
तासांचा रकाना
त्या वहीत छापलेलाच नाही.