दुरुस्ती

कार्डावर शिक्का कानडी, मजकूर मराठी.
मुक्काम अकोळ, तालुका निपाणी.
सही : आक्काताई खोत.

मी लिहिलं होतं, नव्या गोळीनं
हृदयाच्या झटक्याचा धोका निम्मा.
साप्ताहिक, पान तीन, ठळक.
खोटं नव्हतं. शोधनिबंधात तसंच होतं.

"मास्तर, नातवानं मूळ आकडं वाचून दावलं.
हजारात दोघांला झटका यायचा, आता एकाला.
हजार म्हंजे किती ते मला इचारा,
रोज तेवढ्या इड्या वळतो मी.
सांजच्याला छाट काढत्यात,
त्यात एक कमी निघाली
तर 'छाट निम्मी झाली' म्हणून
गावभर सांगत सुटत न्हाई.
गोळी केवढ्याला, ते तर लिवलंच न्हाई तुमी.
शेजारची सुंद्रा कानातलं मोडाय निघालीया."

रात्री पाठकोऱ्या कागदावर
हजार ठिपके काढायला बसलो.
सहाशेच्या आसपास बोटं आखडली.
पुरे केले. दोन रंगवले,
मग त्यातला एक खोडला.
कागद जवळजवळ होता तसाच दिसत होता.

संपादक म्हणाले, दुरुस्ती खाली कोपऱ्यात टाकू.
मी म्हटलं, पान तीन. ठळक.

अंक गुरुवारी निघतो.
सराफकट्टा रोज उघडा असतो.