कूलरची पाळी

बावीस खाटा आणि एक कूलर.
ठवरेबाईंनी भिंतीवर खडूनं आखलेला तक्ता:
सोमवारी एक ते चार, मंगळवारी पाच ते आठ,
ज्यांची पाळी नाही त्यांनी
ओढणी भिजवून अंगावर घ्यायची
अन् गप पडायचं.
(‘पाळी’ म्हटलं की कुंदा उशीत तोंड खुपसून हसायची.)

एप्रिलचं नागपूर रात्री अकरालाही
उतरवून ठेवलेल्या तव्यासारखं.
नळ मागच्या अंगणात, बोरीपाशी.
रोज चौदा बादल्या.
‘म्हशीवानी पेते वं हा,’ कुंदा म्हणायची,
आणि ताट्यांमधून पाणी झिरपू लागलं
की वाळ्याचा वास आधी नाकात,
मग झोपेत.

मैनी पुंगाटी दोन बादल्या एकदम आणायची.
थेंब सांडायचा नाही.
भामरागडहून आली तेव्हा
पत्र्याच्या पेटीची किल्ली तिनं वेणीत बांधलेली,
आणि मराठी थेट पुस्तकातली:
‘मला भूक लागली आहे.’
‘माझी वही हरवली आहे.’
आम्ही ‘मले’ आणि ‘काऊन’वाल्या पोट्ट्या
लोटपोट हसायचो.
बाई म्हणायच्या, शिका तिच्याकडून.

रात्री मात्र ती आपली शुद्ध मराठी
चपलांसारखी खाटेखाली काढून ठेवायची.
झोपेत बोलायची. भराभर, उतारावरून उतरल्यासारखी.
त्यातला एकच शब्द आमच्या हाती लागला:
येर.

कोण असेल हा येर?
रंजू म्हणाली, भाऊ.
कुंदा म्हणाली, भाऊ नाही.
दुसऱ्या दिवशी भूगोलाच्या वहीवर बदाम,
बदामात मैनी अधिक येर.

परीक्षा संपायला दोन पेपर होते
तेव्हा तिला ताप भरला.
त्या रात्री मंगळवार. खाट आठ, माझी पाळी.
ती सतराव्या खाटेवर, पार कोपऱ्यात.
येर, म्हणाली. थोड्या वेळानं परत, येर.
‘आला वाटते,’ कोणीतरी कुजबुजलं,
आणि अंधारात आम्ही सगळ्या खुदखुदलो.
मी पण.
मग मी कूलरकडे तोंड करून
छान झोपले.

सकाळी तिचे ओठ फाटलेले.
बाईंनी तिला सायकलरिक्षात घातलं,
मी मांडीवर डोकं घेऊन मेडिकलपर्यंत.
सलाईन लागलं. तिनं परत तो शब्द म्हटला
आणि शेजारच्या खाटेवरची धानोऱ्याची बाई
मला म्हणाली,
‘दे ना पोरी. पाणी मागून राह्यली ते.’

मी रडले नाही. पेला शोधत राहिले.
मिळेना.

पाचव्या दिवशी मैनी परत आली.
‘मी आता बरी आहे,’ म्हणाली.
आम्ही तक्ता पुसला, तिची खाट ओढत
कूलरपुढे आणून ठेवली.
कुंदा वही लपवत होती, ती तिच्याच हातून पडली.
मैनीनं बदाम पाहिला. वाचला.
आणि इतकी हसली, इतकी,
की बाई वरच्या मजल्यावरून ओरडल्या.
मग पेन घेऊन बदामाखाली
वळणदार अक्षरात लिहिलं:
पाणी हेच जीवन आहे.

रात्री तिनं खाट परत कोपऱ्यात नेली.
‘याचा आवाज फार मोठा आहे,’ म्हणाली.
‘मला झोप येत नाही.’

जूनमध्ये ती आली नाही.
पत्ता बाईंच्या रजिस्टरात होता,
आम्ही कोणी उतरवून घेतला नाही.

आता मनीषनगरात आमच्याकडे दोन कूलर आहेत,
पाइपनं भरतात.
मध्यरात्री टाकी रिकामी होऊन मोटर कोरडी घरघरते
तेव्हा मी उठते, नळ सोडते,
आणि येताना
एक तांब्या भरून आणते.
तसं तर कोणी मागितलेलं नसतं.