ट्रेमबाथियन

कोशाच्या कचेरीतून कार्ड आलं:
'ट्रेमबाथियन', विशेषण; अर्धवट टाकलेलं.
प्रथम कोणी, कधी वापरलं?

लव्हडेबाईंनी चष्मा पुसला.
कॉर्नवॉलच्या त्या धक्क्यावर सगळेच वापरतात:
ट्रेमबाथियन जिना, ट्रेमबाथियन माफी,
परवा तर एका बाहीचा स्वेटरसुद्धा.

जेगोने होडी बांधायला घेतली होती.
अकरा फळ्या ठोकल्या, बारावी राहिली,
त्या हिवाळ्यात पोरीचा ताप उतरेना
आणि तो तिच्या उशाशी,
हातोडी अजून पट्ट्यात.
येणारेजाणारे मात्र होडीच बघत.

एवढं कार्डावर मावेना.
बाईंनी लिहिलं: आडनाव. माझंही तेच आहे.
चहा निवल्यावर, खाली, बारीक अक्षरात:
पोरगी वाचली.
बारावी फळी परसात आहे,
हवी असेल तर