तेवीस मेपर्यंत

तारामुंबरीच्या मच्छीमार सोसायटीत
टेबलाखाली जो डबा घुमतो
त्यात दोन डिस्क आहेत, आरशासारख्या जोडलेल्या.
तीन वर्षांपूर्वी मीच जोडल्या, रात्री,
फुकटातल्या लिनक्सवर, हुकूम कागदावर लिहून.
एका अक्षराची चूक, आणि कोरीच्या जागी
डिझेल कोट्याची डिस्क पुसता पुसता राहिली.
कुबल सेक्रेटरी म्हणाले, दोन कशाला? एकात मावत नाही?
मी म्हटलं, होडीला उलांडी कशाला?
पैसे मंजूर झाले.

मंगळवारी नारळी पुनवेच्या याद्या काढायच्या होत्या.
वीज गेली, आली, आणि डबा उठेचना.
काळ्या पडद्यावर एकच ओळ: सुरू करण्याजोगं काही सापडलं नाही.
तेव्हा आठवलं,
सगळं दोन्हींवर लिहिलं होतं,
फक्त जागं कसं व्हायचं ते
एकीलाच शिकवलं होतं मी.

पेन ड्राइव्हवरून उठवला.
कंसात दोन जागा असतात, दोन माणसांच्या हजेरीसारख्या.
एकीत यू.
दुसरीत नुसती रेघ.

कुठली गेली? दोघी सारख्याच, एकाच दुकानातल्या.
वरची उपसली. ती चांगली निघाली. पडदा गोठला.
पुन्हा खोचली, देवाचं नाव घेतलं,
मग बॅटरी लावून नंबर वाचले एकेक आकडा,
आणि खालचीवर पट्टी चिकटवली: ही.
तिच्या दातांवर हिरवट मीठ चढलं होतं.
इथे खिडकीच्या गजांना चढतं, तसंच.

डबा गप्प नव्हता बसला.
रोज एक पत्र लिहीत होता, स्वतःच्याच पोटातल्या टपालपेटीत.
शहात्तर पत्रं. एकही उघडलं नव्हतं मी.
पहिल्यावर तारीख: तेवीस मे, दुपारी सव्वातीन.

खोडरबरने दात घासले. डिस्क कुरकुरली, फिरली.
आता एकच हुकूम द्यायचा,
की चांगली डिस्क आपलं सगळं
हिच्या अंगावर ओतणार, टक्क्याटक्क्याने,
आणि सकाळपर्यंत दोघी पुन्हा एक.
बोट ठेवलं.
मग उचललं.

कारण जूनमध्ये, बंदीच्या पहिल्या आठवड्यात,
सेक्रेटरी म्हणाले, यादी साफ करून टाका,
नसलेल्या माणसाच्या नावावर डिझेल नको.
मी ओळ पुसली. आरशाची रीतच ती:
तुम्ही पुसाल ते तो तितक्याच निष्ठेने पुसतो,
विचारत नाही, नक्की का.
पण जूनमध्ये आरसा एकटाच होता.
ही तर मे महिन्यातच मागे राहिली होती.

फक्त वाचायला म्हणून उघडली, लिहायची मुभा न देता.
ओळ एक्केचाळीस.
दिगंबर बुधाजी तारी. खलाशी.

बुधाजी तांडेल डिझेलच्या कार्डासाठी आले होते,
दारातल्या बाकावर तासभर बसून होते.
मी काही बोलणार नव्हते.
"एक आरसो फुटलो तरी दुसऱ्यात तोंड दिसता मां?"
ते आपले सहज म्हणाले, डब्याकडे बघत.
मी पडदा थोडा वळवला.
त्यांना वाचता येतं, पण चष्मा घरी.
बोट ठेवून नाव वाचून दाखवलं.

बराच वेळ गेला. खाडीत कुणीतरी इंजिन चालू करून बघत होतं,
धरायचं आणि सुटायचं.
"वाटो अर्धो लिवलेलो आसा काय पुरो?"
पुरा, मी म्हटलं. एक.
"मगे बराबर. शिमग्यापास्ना पुरो."
कार्डावर सही केली आणि गेले.

कणकवलीहून नवी डिस्क एसटीच्या पार्सलने येईल, गुरुवारी.
तोवर सोसायटी बिनउलांडीची चालेल,
वारा पडलेला आहे म्हणून.
ही मी पिशवीत गुंडाळून फायलींच्या कपाटात ठेवली आहे.
पट्टीवर "ही" लिहिलेलं होतं,
त्याखाली तारीख घातली.
सेक्रेटरींनी विचारलंच तर
खराब आहे म्हणून सांगेन.