शेवटचा बिल्ला

पेत्रोव टेकडीवरची घंटा
बाराचे ठोके अकरालाच देते.
कधीकाळी वेढा घालून बसलेला स्वीडिश सरदार म्हणाला होता म्हणे,
दुपारी बारापर्यंत शहर पडलं नाही तर उठतो.
कुणीतरी तासभर आधीच दोर ओढला.
सरदार उठला. ब्रनोत घंटा अजून तशीच.
व्हेंडेलिन दर नव्या पोराला हे सांगतो
आणि वर म्हणतो, बघ, जगातली पहिली रेस कंडिशन.
मी सतरा वेळा ऐकलंय.

या आठवड्यात हसले नाही.
ओलोमोउत्सच्या छापखान्यातलं एक यंत्र
दर नऊ-दहा दिवसांनी रात्रीचं मरतं.
मरताना पानभर आकडे ओकतं
आणि आकड्यांच्या मधोमध
सहा-बी सहा-बी सहा-बी सहा-बी.
भाडेकरू गेला की मालक भिंतीला चुना फासतो ना,
तो हा चुना. कर्नल फासतो
(फौजेतला नव्हे, यंत्राच्या पोटातला),
सोडून दिलेल्या जागेला.
म्हणजे घर सोडून गेलेल्याच्या दारात उभं राहून
कुणीतरी अजून त्याला हाक मारतंय.

कोण?
चार दिवस गेले.
सॉकेट बंद झालं, जागा परत गेली,
आणि दुसऱ्या कोअरवर एक टायमर,
दोनशे मिलिसेकंदांचा एवढासा जीव,
पोच न आलेलं पॅकेट पुन्हा पाठवायला उठला
आणि हात घातला चुन्यात.
कधी चुन्यातही नाही.
तोवर तिथं नवा भाडेकरू आलेला असतो,
आणि याचा हात त्याच्या पेटीत.
ते जास्त वाईट. तेव्हा यंत्र मरत नाही.

माझी आई ऑपेराच्या थिएटरात लोकांचे कोट सांभाळायची.
पितळी बिल्ले, प्रत्येकावर आकडा.
एक जरी बिल्ला बाहेर असला तरी दिवा मालवायचा नाही,
हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.
एका फेब्रुवारीत, उणे चौदात,
एकशे बारा आलाच नाही.
ती बसून राहिली. मी सात वर्षांची,
कुणाच्या तरी मेंढीच्या कातड्याखाली झोपलेले,
तंबाखूचा वास होता त्याला.
पावणेबाराला एक म्हातारा जिना उतरला,
वरच्या सज्जात डोळा लागला होता त्याचा.
आई काही बोलली नाही.
बिल्ला घेतला, खिळ्याला अडकवला, मग दिवा.

तर, टायमर लावताना बिल्ला घ्यायचा,
वाजला किंवा मोडला की परत करायचा.
दोन ओळी. मी खूश, लवकर घरी.
व्हेंडेलिननं यंत्र रात्रभर झोडपलं
आणि सकाळी म्हणाला,
मरत नाही आता. फुगतंय.

लावलेलाच टायमर पुढे ढकलताना
मी दर वेळी नवा बिल्ला उचलत होते.
एक कोट, चाळीस बिल्ले,
परत येणार फक्त एक.
दिवा मालवायला माणूस बसलेलाच,
रात्रीमागून रात्री, कोटांवर कोट,
खुर्च्यांवर, जिन्यावर, वाजवणाऱ्यांच्या खड्ड्यात.

आधीच लावलेला असेल तर घेऊ नकोस.
एवढाच एक 'जर'.
तिसरी ओळ.

बदलाखाली चार वाक्यं लिहावी लागतात:
काय मोडलं, का, कुणी पाहिलं.
छापखान्यातल्या रात्रपाळीच्या बाईचं नाव, ल्युबिशे पोस्पेखोवा,
मी पूर्ण लिहिलं. स्पेलिंग दोनदा तपासलं.
तिनंच पहिल्यांदा कळवलं होतं,
'यंत्र झोपेत दचकतं' असं.
व्हेंडेलिन म्हणाला, हे वाक्य काढ.
मी ठेवलं.

नवं कर्नल जाऊन आज सहा दिवस झाले.
सहा म्हणजे काहीच नाही. नऊ सरू देत, दहा सरू देत,
मग बोलू.
खिडकीबाहेर अकरा वाजले, घंटेनं बारा दिले.
नवी पोरगी डबा घेऊन उठली.
बस खाली, व्हेंडेलिन म्हणाला,
अजून तास आहे.